वटवाघळाचे कान आणि मोटारीचा सेन्सर

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीतील एका सोसायटीच्या अरुंद आवारात आम्ही मोटार मागे घेत होतो. मागील सेन्सरची सूचना वाजत नव्हती, म्हणून निर्धास्त होतो. तरीही डाव्या कोपऱ्यातल्या पिंपाला मोटार धडकली. पिंपाच्या जागी एखादे मूल असते तर? यंत्राच्या शांततेचे दोन अर्थ होतात: मागे काही नाही, किंवा यंत्रच बंद आहे.

अशाच शांततेने एकेकाळी शास्त्रज्ञांनाही चकवले होते. १७९३ मध्ये इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांना आढळले की, दृष्टी गेलेले वटवाघूळही अडथळे चुकवत उडते. पुढे जिनिव्हाच्या लुई जुरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले. ती अडथळ्यांवर आदळू लागली. म्हणजे वाट सापडते ती कानांमुळे. पण वटवाघूळ उडताना तर काहीच आवाज ऐकू येत नाही! त्यामुळे हा निष्कर्ष शतकाहून अधिक काळ बाजूला पडला. १९३८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन यांनी जी. डब्ल्यू. पिअर्स यांच्या श्राव्यातीत ध्वनी टिपणाऱ्या उपकरणासमोर वटवाघळे आणली, तेव्हा त्यांचा आवाज प्रथमच नोंदला गेला. तो २०,००० हर्ट्‌झच्या वरचा असल्याने आपल्या कानांना कळत नव्हता.

सेन्सरही असेच काम करतो. १८८० मध्ये पिअर व जॅक क्यूरी या बंधूंनी शोधलेल्या दाबविद्युत् परिणामावर चालणारी त्यातील चकती सुमारे ४०,००० हर्ट्‌झचे स्पंद सोडते आणि प्रतिध्वनी टिपते. एक मीटरवरील अडथळ्याचा प्रतिध्वनी सुमारे ६ सहस्रांश सेकंदात परततो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील सेन्सर सक्तीचे झाले.

आमचा बिघाड शोधताना जुरीन यांचीच रीत कामी आली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. फक्त विद्युत्प्रवाह चालू करून रिव्हर्स गिअर टाकला. प्रत्येक सेन्सरवर बोट ठेवले. तिघांत बारीक टिकटिक जाणवली, डाव्या टोकाच्या सेन्सरमध्ये नाही. चिखल पुसला, फरक पडला नाही. मग त्याची शेजारच्या सेन्सरशी अदलाबदल केली. मुका सेन्सर नव्या जागी बोलू लागला, डावी जागा मात्र मुकीच राहिली. म्हणजे सेन्सर निर्दोष, दोष तारेत. जोडणी उघडली, पाणी शिरून तांब्यावर हिरवा थर चढला होता. तो खरवडून जोडणी कोरडी व घट्ट केली. शेवटी प्रत्येक सेन्सरसमोर पुठ्ठा धरून सूचना वाजते का, हे पाहिले.

प्रयोगवहीत विद्यार्थ्याने ‘काही आढळले नाही’ असे लिहिले, तर आपणही त्याला आधी विचारावे: उपकरण चालू होते, हे तू कसे तपासलेस?