हिंगण्याचा खडक आणि समुद्राची साक्ष

नागपूरहून हिंगण्याकडे जाऊं लागलें म्हणजे काळी जमीन लागते, आणि तिच्याखालीं खडकही काळाच. हा खडक म्हणजे थिजलेला लाव्हारस. नागपूरच्या आसपास या लाव्ह्याच्या दोन थरांमध्यें कोठें कोठें गाळाचा पातळ पट्टा सांपडतो व त्यांत दगड झालेले शंख असतात. शंख दिसला कीं आपणांस समुद्र आठवतो. तेव्हां विदर्भावर एके काळीं समुद्र होता काय, हा प्रश्न सहजच उभा राहतो. परंतु शंख हा संदिग्ध साक्षीदार आहे. शंखांतला प्राणी समुद्रांत राहतो, तळ्यांतही राहतो आणि पावसाळ्यांत परसांतल्या भिंतीवरही चढतो.

निःसंदिग्ध साक्ष हवी असेल तर ती तारामाशाची. नांवांत मासा असला तरी हा मासा नव्हे. हा कंटकचर्मी वर्गांतील प्राणी. याच्या सुमारें १,९०० जाती ज्ञात आहेत. बहुतेकांस पांच भुजा असतात. प्रवाळ खाणाऱ्या एका काटेरी जातीस वीसपर्यंतही असतात. कोकणच्या किनाऱ्यावर आढळणारा अ‍ॅस्ट्रोपेक्टेन वाळूंत स्वतःस पुरून घेतो व बारीक शिंपले सगळेच्या सगळे गिळतो. उलट खडकांवरील कित्येक जाती शिंपला किंचित् उघडून आपलें जठरच त्यांत सोडतात आणि भक्ष्य तेथेंच पचवितात. तुटलेली भुजा पुन्हा फुटते. लिंकियाच्या कांहीं जातींत तर एका भुजेपासून सबंध प्राणी तयार होतो. राहणीची इतकी तऱ्हा, पण गोड्या पाण्यांत राहणारी जात मात्र एकही नाहीं. पाठीवरील चाळणीवाटें समुद्राचें पाणी या प्राण्याच्या शरीरांतील नळ्यांत शिरतें व त्याच्या दाबावर शेंकडों चिमुकले पाय चालतात. आंतल्या द्रवाचा खारटपणा बाहेरच्या पाण्याइतकाच असतो, आणि त्यांत मोठा फरक पडल्यास तो सांवरून धरणारें इंद्रिय त्यास नाहीं.

नागपूरच्या शंखांचा न्याय प्रथम नीट केला तो रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनीं सीताबर्डीची टेकडी व टाकळी येथील थर तपासले आणि १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सभेच्या त्रैमासिकांत आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. फायसा, लिम्निया, पॅल्युडिना हे येथील शंख गोड्या पाण्याच्या कुळांतले. म्हणून येथें तळीं होतीं, हा निष्कर्ष. उलट राजमहेंद्रीजवळ अशाच लाव्ह्यामधील थरांत खाडीचे शंखशिंपले मिळाले, त्यांचें वर्णन हिस्लॉप यांनीं १८६० सालीं केलें. खडक एकच, पण साक्षी निराळ्या. थरांचें वय त्यांनीं मानलें त्याहून जास्त, म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षें, निघालें. परंतु नागपूरच्या तळ्यांविषयींचा त्यांचा निर्णय टिकला.

याच शोधक वृत्तीनें ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते हिंगणें तालुक्यांतील टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळें पाहण्यास रिचर्ड टेंपल यांच्या समवेत गेले. रात्रीं बोरीकडे परततांना पूर आलेल्या ओढ्यांत ते बुडाले. ज्यानें विदर्भाचें प्राचीन पाणी ओळखलें, त्याचा अंत विदर्भाच्याच पाण्यांत व्हावा, हा दैवाचा खेळ मन विषण्ण करणारा आहे.

तथापि वाद येथें संपला असें नाहीं. छिंदवाडा जिल्ह्यांतील झिलमिली येथें लाव्ह्यामधील थरांत समुद्रांतल्या सूक्ष्म जीवांचीं कवचें सांपडल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि समुद्राचा एक फांटा मध्य हिंदुस्थानांत शिरला असावा असें मत पुढें आलें. येथें तारामाशाची साक्ष निर्णायक ठरती. परंतु मेल्यावर त्याच्या शरीराचे बारीक तुकडे विखुरतात, आणि सबंध ठसा क्वचितच उरतो. तेव्हां तो सांपडला तर समुद्र सिद्ध. न सांपडला तर समुद्र नव्हताच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. हा विवेक हिस्लॉप यांच्या हातोड्याइतकाच मोलाचा आहे, असें आम्हांस वाटतें. हिंगण्याच्या वाटेवर दगडांत शंख दिसलाच, तर वाचकांनीं समुद्राची कल्पना करण्यापूर्वीं त्याचें कुळ अवश्य विचारावें.