काळं टिकवायचं, पिवळं होऊ द्यायचं नाही

सौरऊर्जेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती टक्के?" पण पेरोव्स्काइटच्या गोष्टीत टक्क्यांपेक्षा रंग महत्त्वाचा आहे. कसा ते बघू.

१८३९ साली गुस्टाफ रोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने उरल पर्वतातल्या एका खनिजाला लेव पेरोव्स्की या रशियन उमरावाचं नाव दिलं. पुढे तशीच रचना असलेले सगळे पदार्थ त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. १९२६ मध्ये गोल्डश्मिट यांनी एक सोपं गणित मांडलं. आयनांच्या आकारांवरून काढलेला एक आकडा साधारण ०.८ ते १ च्या मधे बसला तर ही रचना उभी राहते, नाहीतर डगमगते. हे गणित पुढे सौरघटाच्या कामी येईल असं तेव्हा कोणाला वाटलं असेल?

२००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने शिसं आणि आयोडिनवाल्या पेरोव्स्काइटचा सौरघट केला. कार्यक्षमता ३.८ टक्के, आणि आतल्या द्रवामुळे तो काही मिनिटांतच खराब व्हायचा. २०१२ मध्ये तो द्रव काढून टाकला आणि आकडा १० च्या आसपास गेला. मग काय, जगभरच्या प्रयोगशाळा मागे लागल्या!

खरी मेख पुढेच आहे. यातला फॉर्मामिडिनियमवाला प्रकार १५० अंशांच्या आसपास तापवला की काळाकुट्ट होतो, ऊन पिऊन टाकतो. गार करून ठेवून दिला की हळूहळू पिवळा पडतो. एकही अणू कमी-जास्त झालेला नसतो, फक्त मांडणी बदललेली असते. आणि पिवळा म्हणजे वीजनिर्मितीला निरुपयोगी. त्याचा आयन जरा जास्तच मोठा. बरं, त्याऐवजी सीझियम घ्यावं तर ते फारच लहान, त्यामुळे तेही पिवळंच!

तोडगा निघाला तो मिसळणीतून. २०१६ मध्ये लोझानच्या गटाने फॉर्मामिडिनियम, मिथाइलअमोनियम आणि चिमूटभर सीझियम एकत्र केलं. मोठ्या-लहानाची सरासरी जमली, काळा रंग टिकला आणि कार्यक्षमता २१.१ टक्क्यांवर गेली.

बनवण्याची रीतही तितकीच नाजूक. २०१४ मध्ये कोरियातल्या सोक यांच्या गटाने फिरत्या काचेवरच्या द्रावणावर नेमक्या क्षणी टोल्युइन सोडून थर एकसारखा बसवला. लाडवाचा पाक करणाऱ्यांना हा "नेमका क्षण" वेगळा समजावून सांगायला नको!

आज प्रयोगशाळेतला आकडा २६ च्या पुढे आहे. पण सिलिकॉनचं पॅनेल छपरावर पंचवीस वर्षं उन्हापावसात उभं राहतं. त्यात पेरोव्स्काइटमध्ये शिसं, म्हणजे ते फुटून-झिजून चालणारच नाही. घर चालवायचं तर एका दिवसाच्या विक्रमापेक्षा रोजचं टिकणं मोठं, नाही का?