टाकोळी ते ग्रामकोष : धानोऱ्यातील सरकारी पैशाचा इतिहास

धानोरा तालुक्यात सरकारी पैसा कसा आला आणि कसा गेला, याचा शोध जमीनदारीच्या काळापासून घ्यावा लागतो. तिसरे रघुजी भोसले 1853 मध्ये निपुत्रिक वारल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला; त्या काळी चांदा जिल्ह्याचा पूर्वेकडील वनप्रदेश, ज्यात आजच्या धानोरा तालुक्यातील रांगी, मुरुमगाव ही गावेही येतात, जमीनदाऱ्यांमध्ये विभागलेला होता. जमीनदार सरकारला दरसाल जी ठरावीक रक्कम भरी तिला टाकोळी म्हणत. सरकारी हिशेबात या मुलखाची नोंद मुख्यतः जमेच्या बाजूला होती; येथील गोंड रयतेसाठी खर्च करावा, ही कल्पना त्या हिशेबात क्वचितच आढळे. रयतेला घर, नांगर आणि सरपण यांसाठी जंगलातून लाकूडफाटा घेण्याची जी मुभा होती, तिला निस्तार म्हणत, आणि पैशाच्या रूपात न मोजला गेलेला हा हक्कच गावाचा खरा आधार होता.

1951 मध्ये जमीनदारी नष्ट होऊन जंगल राज्याच्या मालकीचे झाले. 1956 मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. राज्याचा महसूल ज्या एकत्रित निधीत जमा होतो आणि ज्यातून विधिमंडळाच्या मंजुरीवाचून एक रुपयाही काढता येत नाही, त्या निधीत आता धानोऱ्याच्या वनांचे उत्पन्नही जाऊ लागले. चांद्याच्या जंगलातील बांबू तोडण्याचे दीर्घ मुदतीचे हक्क बल्लारपूरच्या कागद कारखान्याला मिळाले. ज्यांच्या सीमेतून बांबू जाई त्या गावांना तोडणीची मजुरी मिळे, विक्रीच्या रकमेवर मात्र त्यांचा काहीही अधिकार नसे.

पैशाचा उलट प्रवाह, म्हणजे राजधानीकडून रानाकडे येणारा, पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आली तेव्हा जाणवण्याइतका झाला. 1982 मध्ये चांद्यातून, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून, धानोऱ्यासह गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात गणला गेला. तरीही आदिवासींसाठी किती रक्कम काढायची, हे प्रत्येक खाते आपापल्या सोयीने ठरवी; सुकथनकर समितीच्या शिफारशींनुसार 1993 पासून मात्र वार्षिक योजनेचा आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणातील, म्हणजे सुमारे 9 टक्के, हिस्सा आधीच बाजूला काढून आदिवासी विकास विभागाच्या हाती देण्याची पद्धत सुरू झाली. ही सुधारणा मोठी होती आणि तिचे श्रेय नाकारणे अन्याय्य ठरेल. परंतु निधी ज्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ज्या ठरावीक सदराखाली, मंजूर होई त्याच कामावर तो खर्चावा लागे, आणि 31 मार्चपर्यंत न खर्चलेली रक्कम सामान्यतः व्यपगत होई. पावसाळ्यात रस्ते तुटणाऱ्या आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात गुंतणाऱ्या या मुलखाचे वर्ष आणि कोषागाराचे वर्ष यांचा मेळ बसणे अवघडच होते.

या पार्श्वभूमीवर धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाचे काम पाहावे लागते. गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत घालून दिली, अभ्यासगट चालवले आणि गावाच्या स्वतःच्या पैशासाठी ग्रामकोष उभा केला. या कामात गावातील देवाजी तोफा आणि चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा मोठा वाटा होता. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू हे गौण वनोपज, म्हणजे हक्कधारकांना गोळा करून विकता येणारे वनोत्पादन, ठरवले होते, तरी गावाने तो विकू म्हटल्यावर माल गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

त्या पुस्तकाचे मोल केवळ प्रशासकीय नव्हते. जो परवाना वनाधिकाऱ्याच्या सहीने निघे तो ग्रामसभेच्या सहीने निघू लागल्यामुळे विक्रीची रक्कम प्रथम ग्रामसभेच्या खात्यात पडू लागली, आणि तोडणाऱ्यांची मजुरी किती, जंगल राखण्यावर किती, गावाच्या कामांसाठी किती, हे मंत्रालयातील सदरांऐवजी ज्यांच्या जंगलाचा तो पैसा होता तेच बैठकीत बसून ठरवू लागले. टाकोळीच्या काळापासून धानोऱ्याच्या वनाने इतरांच्या तिजोऱ्या भरल्या होत्या; येथे प्रथमच उत्पन्न आणि खर्च या दोन्ही बाजू एकाच सभेपुढे आल्या.

राज्यानेही पुढे काही पावले त्याच दिशेने टाकली. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याच्या 2014 च्या नियमांनी ग्रामसभेच्या कोषाला मान्यता दिली आणि 2015 मध्ये आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय झाला. त्या रकमेला अबंध निधी म्हटले गेले, तरी तो कोणत्या विषयांवर खर्चावा हे शासन निर्णयानेच आखून दिले. लेखाशीर्षाची जुनी सवय तेवढी टिकली. मेंढ्याने मात्र 2013 मध्ये महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, 1964 खाली ग्रामदानाचा ठराव करून शेतजमीनही सामूहिक कक्षेत आणण्याची वाट धरली, तर गडचिरोलीतील अन्य कित्येक ग्रामसभा तेंदू आणि बांबूचे लिलाव स्वतः करू लागल्या.