अमानित्व: नेवाशाच्या खांबापासून पंढरीच्या दारापर्यंत

घोडेगाव हे गाव जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या व्यापारासाठी ओळखले जात असले, तरी ते ज्या नेवासा तालुक्यात मोडते, त्याच्या नावाशी मीपणाच्या एका अतिशय सूक्ष्म परीक्षेचा इतिहास जोडलेला आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते, तो पैस खांब नेवाशात आजही उभा आहे.

या टीकेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाचे पहिले लक्षण म्हणून ‘अमानित्व’, म्हणजे मानाची हाव नसणे, येते. ज्याच्या अंगी ते असते तो स्तुती कानी पडताच व्याधांनी वेढलेल्या हरणासारखा किंवा भोवऱ्यात सापडलेल्या पोहणाऱ्यासारखा कासावीस होतो. पुढे याची उलट बाजूही येते: मोठेपणावर जगणारा, सत्काराची वाट पाहणारा, विद्येचा पसारा मांडून पुण्याचा डांगोरा पिटणारा माणूस तेथे अज्ञानी ठरतो. ही वर्तनातून दिसणारी लक्षणे असल्यामुळे तीच फूटपट्टी दुसऱ्याला आणि स्वतःलाही लावता येते, हे या विवेचनाचे खरे मोल आहे. ‘नार्सिसिझम’ ही आत्मप्रीतीसाठीची संज्ञा मानसशास्त्रात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पाण्यातील स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेल्या ग्रीक कथेतील नार्सिससवरून. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने तिच्या टोकाच्या रूपाला व्यक्तिमत्त्वविकारांत स्थान दिले. ज्ञानेश्वरांचा विषय मात्र रोगी नव्हे, तर चारचौघांत वावरणारा साधक होता.

मीपणाचे लक्षण ओळखल्यावर त्याला आवर घालण्यासाठी वारकऱ्यांनी एक चाल रुजवली: भेटणाऱ्याला ‘माउली’ म्हणावे, त्याच्या पाया पडावे आणि त्यानेही उलट पाया पडावे. चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णव वर्णाचा अभिमान विसरून एकमेकांना लोटांगण घालतात, असे सतराव्या शतकात तुकारामांनी वर्णिले आहे. या चालीचे सारे बळ ‘एकमेकांना’ या शब्दात आहे, कारण नमन एकाच बाजूने होऊ लागले की ज्याच्यापुढे वाकले जाते त्याचा ताठा वाढतो आणि आधीच दबलेल्याकडून मागितलेल्या नम्रतेला अमानित्व म्हणता येत नाही, ती सक्तीच असते. वाळवंटात पाळली गेलेली ही परस्परता देवळाच्या दाराशी थांबली; संत चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली, आणि ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्यांच्यासाठी विठ्ठलाचे मंदिर खुले व्हायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले.