ज्ञानोदयाची मूल्ये आणि महाडचा सत्याग्रह

अठराव्या शतकातील युरोपीय ज्ञानोदयाने विवेक, स्वातंत्र्य आणि मानवी समता ही मूल्ये पुढे आणली. ही मूल्ये कायद्यात आल्यावर समाजाच्या व्यवहारात कितपत उतरतात, याचे महत्त्वाचे उदाहरण म्हणजे महाड (जि. रायगड, तत्कालीन कुलाबा) येथील १९२७ चा चवदार तळे सत्याग्रह होय.

पार्श्वभूमी
सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. आगरदांड्यासह मुरूडचा परिसर जंजिरा संस्थानात असल्याने तो तेथे लागू नव्हता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात मज्जाव कायम राहिला.

सत्याग्रह
२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अनुयायांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरच्या परिषदेत आंबेडकरांनी तिची तुलना फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रसभेशी केली. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

मूल्यमापन
संविधानाचा अनुच्छेद १५ विहिरी व तलावांच्या वापरातील भेदभावास मनाई करतो. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. १९५० पासून या तरतुदी महाड आणि पूर्वीचे जंजिरा संस्थान, दोहोंना लागू झाल्या. तरीही रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या तक्रारी येत राहिल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळास २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा संमत करावा लागला. हक्काची नोंद आणि हक्काचा वापर यांतील हे अंतर महाडनंतरही पूर्णतः मिटलेले नाही.