तिसरी-चौथीच्या दप्तरात विज्ञानाचं पुस्तक नसतं. मग मुलं विज्ञान शिकतात कुठे?

जूनमध्ये शाळेत पुस्तकं वाटली की बऱ्याच घरांत एक प्रश्न हमखास निघतो. मराठी आहे, गणित आहे, इंग्रजी आहे, पण विज्ञान कुठाय? इंग्रजी शाळेत जाणाऱ्या चुलतभावाकडे 'सायन्स'चं जाड रंगीत पुस्तक असतं. ते पाहून आपलं पोर मागे पडतंय असं आई-वडिलांना वाटू लागतं.

तसं काही नाही. राज्याच्या अभ्यासक्रमात पहिली-दुसरीला विज्ञान हा वेगळा विषय ठेवलेलाच नाही. प्राणी, पक्षी, शरीराचे अवयव, ऋतू हे सगळं भाषेच्या आणि गणिताच्या धड्यांतून, गाण्या-खेळांतून येतं. तिसरीपासून 'परिसर अभ्यास' सुरू होतो आणि पाचवीपर्यंत विज्ञान त्यातच मिसळलेलं असतं. 'सामान्य विज्ञान' नावाचं स्वतंत्र पुस्तक हातात पडतं ते सहावीत. देशपातळीवरच्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तिसरी ते पाचवीसाठी भोवतालच्या जगाचा असा एकच मिळून विषय ठेवला आहे. पुस्तकं नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, तरी ही मांडणी तीच आहे.

यामागचं कारण साधं आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला गावची विहीर दिसली की ते एकदम सगळंच विचारतं. पाणी येतं कुठून, उन्हाळ्यात खाली का जातं, विहीर कुणाची, ते पाणी प्यायलं तर पोट का बिघडतं? यात विज्ञान, भूगोल आणि नागरिकशास्त्र तिन्ही आलं. त्या वयात त्याचे तुकडे पाडण्यात अर्थ नसतो.

घरी मात्र हाच विषय सगळ्यात हलका समजला जातो. चौथीत परिसर अभ्यासाचे दोन भाग असतात. दुसरा भाग शिवछत्रपतींचा, तो घरात आजोबाही आवडीने वाचतात. पाणी, हवा, अन्न, प्राणी असलेला पहिला भाग परीक्षेच्या आदल्या रात्री प्रश्नोत्तरं पाठ करण्यापुरता उघडतो. खरं तर घोकून सगळ्यात कमी हाती लागणारा विषय हाच आहे.

वाटीतली मटकी आणि शेतातला वापसा

बी रुजायला काय लागतं, हे या वयात शिकायचं असतं. 'पाणी, हवा आणि ऊब' असं उत्तर मूल पाठ करून सांगतं. पण त्यालाच विचारा, मटकीचे दाणे पूर्ण पाण्यात बुडवून ठेवले तर? बहुतेक मुलं म्हणतील, पाणी जास्त मिळालं म्हणजे मोड लवकर येतील.

मग तीन वाट्या घ्याव्यात. एकीत कोरडी मटकी. दुसरीत रात्रभर भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधलेली. तिसरीत पाण्यात बुडवून ठेवलेली. दोन-तीन दिवसांत फडक्यातल्या मटकीला छान मोड येतात. कोरडी तशीच राहते. बुडालेले दाणे फुगतात, एखाद-दुसऱ्याला मोड फुटतो, पण लवकरच वास मारू लागतो. पाणी आहे, हवा नाही. शेतकऱ्याच्या घरात यासाठी शब्द तयारच आहे: वापसा. जमिनीत ओल हवी आणि हवाही खेळती हवी, तरच पेरणी करायची. पाणी साचलेल्या रानात पेरलेलं सोयाबीन कुजतं आणि दुबार पेरणीची वेळ येते, तेव्हा त्या तिसऱ्या वाटीतलंच मोठ्या रानात घडलेलं असतं. वडिलांनी हे एकदा बांधावर उभं राहून दाखवलं तर तो धडा पुन्हा वाचावा लागत नाही.

पेरणीआधीची उगवण चाचणीही घरातल्या मुलाकडून करून घेता येते. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि पाच ते सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात बियाणं पुरतं, कमी असतील तर एकरी प्रमाण वाढवावं लागतं. मोजणी मुलाने केली तर गणितही झालं. एक काळजी घ्यायची, औषध लावलेलं बियाणं मुलांच्या हातात द्यायचं नाही.

फुलपाखराचा धडा, डासाची गोष्ट

प्राण्यांच्या वाढीच्या धड्यात फुलपाखराच्या चार अवस्था येतात: अंडं, अळी, कोश आणि फुलपाखरू. चित्रात बघण्यापेक्षा दारातल्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर बघणं सोपं. त्याच्या पानांवर सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होणारी अळी सापडते. ती मारू नये, पोरांना रोज बघू द्यावी.

डासाच्या अवस्थाही चारच, फक्त पहिल्या तीन पाण्यात जातात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आशा ताई सांगतात की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. सात दिवसांच्या आत पाणी ओतलं तर अळीचा डास होतच नाही. पण डेंग्यू पसरवणारा डास अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. त्यामुळे रांजण किंवा टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आतून घासावी लागते. आवारात पडलेले टायर, करवंट्या, फुटके डबे शोधायला मुलांइतकं तरबेज कुणी नाही. अळ्या सापडल्या तर ते पाणी गटारात न ओतता कोरड्या मातीवर ओतायचं.

गढूळ पाणी स्वच्छ दिसलं, तरी

चौथीच्या वयाची मुलं पिण्याचं पाणी स्वच्छ करायला शिकतात. पेल्यातल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, वर पाणी नितळ दिसतं. मुलांना हा प्रयोग फार आवडतो आणि इथेच घोटाळाही होतो. तुरटीने गाळ बसतो, पण रोगजंतू मरतीलच असं नाही. पावसाळ्यात नितळलेलं पाणी गाळून, खळखळ उकळून घ्यायचं किंवा ठरलेल्या प्रमाणात क्लोरीनचे थेंब टाकायचे. पाणी 'स्वच्छ दिसणं' आणि 'पिण्यायोग्य असणं' यातला फरक पोराला कळला, तर अख्ख्या घराचं पोट वाचतं.

पालकांनी विचारायचं काय?

'उत्तर पाठ झालं का?' याऐवजी 'तुला काय वाटतं, काय होईल?' असं विचारावं आणि मग करून पाहावं. अंदाज चुकला तरी रागावू नये, कारण चुकलेला अंदाजच मुलाच्या लक्षात राहतो. रोजची नोंद एका वहीत दोन ओळींत किंवा चित्र काढून ठेवली तरी पुरे. पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते मोफत उतरवून घेता येतं. पुस्तकातला क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपवर स्कॅन केला तर धड्याशी जोडलेलं साहित्यही मोबाइलवर दिसतं.

सुट्टीत करण्याजोगा एक प्रयोग सावलीचा. अंगणात काठी सरळ उभी रोवायची आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिच्या सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. पहिली वेळ मे महिन्यात येते, आधी दक्षिणेकडच्या सिंधुदुर्ग-कोल्हापुरात आणि मग वर सरकत महिनाअखेरीस खानदेशाकडे. पुण्यात ती साधारण १३-१४ मेच्या सुमारास असते. दुसऱ्या वेळी पावसाळा असतो, तेव्हा ढगांमुळे ती बहुतेक हुकतेच.