तळटीप : पोंभुर्णा तालुक्याचा नकाशा
* पीडीएफ आवृत्तीत या नकाशावर जंगलाचा हिरवा रंग दिसतो. छापल्यावर तो येत नाही. हे मुद्दाम केले आहे. काळ्या-पांढऱ्या छपाईत हिरव्याचा करडा होतो, मग गावांची नावे आणि शिवेच्या रेघा बुजून जातात. झेरॉक्सवर तर वैनगंगाही सापडत नाही. २००६ च्या कायद्यानुसार सामूहिक वनहक्कावर ग्रामसभेत बोलणे होईल, तेव्हा कागदावर शीव आधी वाचता आली पाहिजे. पीडीएफ १.५ पासून (२००३) प्रत्येक थर नेहमी छापायचा, कधीच नाही, की दिसत असेल तरच, हे ठरवता येते. जंगलाचा थर ‘कधीच नाही’वर ठेवला आहे. मोबाइलवरची काही ॲप ही सूचना पाळत नाहीत. छपाई संगणकावरून, ॲक्रोबॅट रीडरमधून करावी.